दिवसाचे तीस टोले

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा घड्याळं नव्हती, वेळ पाण्यात मोजत. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी जरा जास्तच कान देऊन ऐकावी, कारण यातली चूक मोठ्या माणसाची आहे.

एक नगर होतं. नगराच्या वेशीवर एक माडी होती. माडीत पाण्याने भरलेलं मोठं घंगाळ असे आणि त्यात तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी तरंगत सोडलेली असे. भोकातून पाणी शिरून वाटी बुडाली की एक घटका झाली. मग वाटीवर नजर ठेवून बसलेला माणूस शेजारच्या काशाच्या थाळीवर मोगरीचा एक टोला देई, वाटी उपसून रिकामी करी आणि पुन्हा पाण्यावर सोडी. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत असे तीस टोले पडत. त्यांच्यावर अख्खं नगर चाले. कचेरी त्यावर उघडे, देवाचा नैवेद्य त्यावर निघे, पाटाचं पाणी त्यावरच एका शेतातून दुसऱ्या शेतात वळवलं जाई.

रात्रीचं काम दुसऱ्याकडे होतं. दिवसाचा माणूस म्हणजे येमाजी. वीस वर्षांत त्याचा एकही टोला चुकला नव्हता. भाकरी खायचा तीही एक डोळा वाटीवर ठेवून. शिंक आली तरी आधी वाटीकडे बघायचा आणि मग शिंकायचा, असं लोक चेष्टेनं म्हणत. त्यालाही ते ऐकून बरं वाटायचं.

पण माणूस एकटा होता. बायको कधीच गेली होती, मूलबाळ नव्हतं. पहाटे अंधारात दाराला कडी घालून निघायचा आणि शेवटचा टोला देऊन दिवेलागणीला परतायचा. कडी काढली की घर खायला उठे. एकदा त्याने शेजारच्या ठकूबाईला मनातलं सांगितलं. ठकूबाई दिवसभर आपल्या ओसरीवर पत्रावळी लावत बसणारी म्हातारी, तोंडाची फटकळ पण मनाची चांगली. ती म्हणाली की अरे, मग एक मांजर पाळ. मांजराला आपला दिवस आपला काढता येतो. नाहीतर खिडकीत कबुतरांना दाणे टाक, येतील आणि जातील.

येमाजीला ते पटलं नाही. मांजर काय, दूध प्यायचं आणि शेजारी जाऊन निजायचं. कबुतराला तर माणसाचं नावसुद्धा ठाऊक नसतं.

"मावशी, मला माझी वाट बघणारं कुणीतरी हवंय," तो म्हणाला.

ठकूबाई त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने पुढचं पान घेतलं.

पुढे थंडीच्या दिवसांत सिदू धनगराचा कळप नगराबाहेरच्या माळावर उतरला. त्याच्या कुत्रीला पिल्लं झाली होती. त्यातलं एक काळंभोर पिल्लू एका संध्याकाळी येमाजीच्या पायांत असं घोटाळलं की येमाजी तिथेच पाघळला. त्याने ते मागितलं. सिदू म्हणाला, देतो, पण ही जात बांधून ठेवायची नव्हे. हिला दिवसभर माणसं लागतात, नाहीतर मेंढरं लागतात, आणि पायांना काम लागतं. एवढं सांगून त्याने एकच गोष्ट विचारली.

"दिवसा घरी कोण असतं?"

"घर भरलेलं आहे," येमाजी म्हणाला.

वीस वर्षांत ज्याने एका टोल्याची लबाडी केली नाही, त्याने इथे मात्र बेधडक खोटं सांगितलं. आणि वर मनाशी म्हणाला, तीस घटका तर जायच्या, त्या काय अशा जातात. त्याच्या स्वतःच्या जात होत्या, वाटीकडे बघता बघता.

पिल्लाचं नाव भुंग्या ठेवलं. येमाजी पहाटे त्याला अंगणातल्या खुंट्याला बांधी, पाणी आणि भाकरी पुढे ठेवी आणि जाई. संध्याकाळी अंगणाचं दार उघडलं रे उघडलं की भुंग्या असा अंगावर झेप घेई, असा कुईकुई करी, की येमाजीच्या डोळ्यांत पाणी येई. त्याने चार लोकांत सांगून टाकलं की माझ्यावर इतकी माया माणसाने कधी केली नाही.

पहिले दोन महिने कुत्रं दिवसभर रडे. आळी वैतागली. येमाजी म्हणाला, राखण करतोय. मग त्याचं रडणं थांबलं. येमाजी म्हणाला, शहाणा झाला. भाकरी सकाळची तशीच पडलेली दिसे आणि भुंग्या ती येमाजी आल्यावरच खाई. येमाजी म्हणाला, मालकाच्या आधी जेवत नाही, बघा कसं जनावर आहे. ठकूबाईने दोनदा त्याला थांबवून सांगायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा तो घाईत होता.

आता त्या नगरात एक रीत होती. वर्षातून एक दिवस वेशीवरची वाटी राजवाड्यात नेत, तिथल्या जुन्या वाटीशी ताडून बघत, भोक मोठं झालंय का ते तपासत. त्या दिवशी राजवाड्याचा माणूस आपली वाटी घेऊन माडीवर बसे आणि टोले देई. त्यामुळे वीस वर्षांत पहिल्यांदा नव्हे, पण भुंग्या आल्यापासून पहिल्यांदाच, येमाजी भर उन्हात घरी आला.

ठकूबाई ओसरीवर होती. तिने तोंडावर बोट ठेवलं, त्याला हाताला धरून बसवलं आणि दोन घरांमधल्या बुटक्या भिंतीच्या फटीकडे खूण केली. मग हळूच म्हणाली, आवाज करू नको, नुसतं बघ.

येमाजीने फटीला डोळा लावला. भुंग्या खुंट्याजवळ बसला होता. तोंड दाराकडे होतं. निजला नव्हता, खेळत नव्हता, माशीसुद्धा हाकलत नव्हता.

वेशीवर टोला पडला.

भुंग्या ताडकन उठला. शेपूट जोरात हलायला लागली. दाव्याला हिसका देऊन तो दाराकडे झेपावला, दावं ताणलं गेलं, तसा मागच्या दोन पायांवर उभा राहिला. गळा आवळला जात होता, जीभ बाहेर आली होती, तरी शेपूट हलतच होती. दार उघडलं नाही. शेपूट हळूहळू मंदावली. मग तो खाली उतरला आणि पुन्हा दाराकडे तोंड करून बसला.

एक घटका गेली. टोला पडला. भुंग्या उठला, झेपावला, उभा राहिला, थांबला, बसला.

पुन्हा टोला. पुन्हा तेच.

येमाजीने डोळा फटीच्या आणखी जवळ नेला. त्याने आजवर कुत्र्याला दिव्याच्या उजेडातच पाहिलं होतं. आता उन्हात त्याला गळ्याभोवतीचं लाल कातडं दिसलं. केस उडालेले होते, दाव्याला रक्त सुकून चिकटलं होतं. खुंट्यापासून दाराच्या दिशेने जमिनीत दोन खोल चर पडले होते. ते नखांचे होते. पावसाने पडले असतील असं समजून त्याने गेल्याच महिन्यात त्यावरून पाय टाकला होता.

त्याने सहा टोले पाहिले. सातव्याला त्याच्याने बघवेना.

"दिवसात तीस वेळा," ठकूबाई म्हणाली. "शेवटच्या टोल्यानंतर तू येतोस, एवढं त्याला कळलंय. पण त्याला मोजता येत नाही रे, येमाजी."

येमाजीच्या आता ध्यानात आलं. आपण जीव लावला म्हणून मिरवत होतो, आणि तेच आपण रोज आपल्याच हाताने, मोगरी उचलून उचलून, या मुक्या जिवाला तीस वेळा उठवत होतो आणि एकोणतीस वेळा फसवत होतो! तो तिथेच भिंतीला टेकून खाली बसला. म्हातारीने पाणी दिलं ते हातातच राहिलं.

मग त्याने धडपड केली, नाही असं नाही. माडीवर कुत्रं चालेल का, म्हणून विचारलं. तिथे पाणी जरा जरी हललं तरी घटका चुकते, म्हणून माडीवर मांजरालासुद्धा बंदी होती. ठकूबाईला म्हणाला की दिवसा तुम्ही ठेवा. ती म्हणाली, ठेवीन रे, पण माझ्या ओसरीवर बसूनही तो तुझ्याच दाराकडे बघणार.

महिन्याभराने सिदू धनगराचा कळप परतीच्या वाटेवर माळावर उतरला. येमाजी पहाटेच भुंग्याला परत द्यायला घेऊन गेला आणि म्हणाला की घर भरलेलं नव्हतं, घरात कुणीच नव्हतं, मी खोटं बोललो. सिदूने कुत्र्याच्या गळ्यावरून बोट फिरवलं.

"लांडग्यानं मेंढरू नेलं तर मी त्याला शिव्या देत न्हाई," तो म्हणाला. "त्याला भूक असती. तुला कसली भूक हुती?"

"कुणीतरी माझी वाट बघावी, एवढीच."

"बघितली की मग त्यानं."

येमाजी मान खाली घालून माडीवर गेला. सूर्य उगवला. कळप निघाला. वरून त्याला सगळा माळ दिसत होता, पलीकडची खिंड दिसत होती. खिंड ओलांडली की वेशीचा आवाज ऐकू येत नाही, हे नगरात सगळ्यांना ठाऊक होतं.

वाटी बुडाली. त्याने टोला दिला. कळपाच्या मागून चाललेला काळा ठिपका गर्रकन वळला आणि नगराकडे तोंड करून बसला. सिदूने ओढलं, चुचकारलं, उचलून चार पावलं नेलं. शेवटी कुत्रं चालायला लागलं. दुसऱ्या घटकेचा टोला पडला. ते पुन्हा वळलं, पुन्हा बसलं. या वेळी सिदूने दावं ओढलं तेव्हा येमाजीने डोळे मिटून घेतले, कारण दावं कुठे रुततंय ते त्याला माहीत होतं.

तिसऱ्यांदा वाटी बुडाली. येमाजीने मोगरी उचलली. उचलली, आणि खाली ठेवली.

बाळांनो, त्या नगरात कुणाच्या आठवणीत असं कधी झालं नव्हतं. त्याने वाटी उपसली, पाण्यावर सोडली, पुन्हा बुडाली, पुन्हा उपसली. मोजत होता, पण थाळीला हात लावत नव्हता. अशा चार घटका गेल्या. खाली नगर बावचळलं. कचेरीच्या दारात लोक ताटकळले. पुजारी नैवेद्याचं ताट घेऊन उभाच राहिला. पाटावर तर एकाच्या शेतात पाणी तुंबलं, दुसऱ्याचं कोरडं राहिलं, आणि दोघे फावडी घेऊन एकमेकांवर धावले. पहारेकऱ्यांना वाटलं की येमाजी मेला. ते धापा टाकत माडी चढले, तर हा धडधाकट बसलेला, नजर खिंडीकडे. काळा ठिपका खिंडीत शिरला, दिसेनासा झाला. तेव्हा येमाजीने मोगरी उचलली आणि सातव्या घटकेचा टोला दिला.

त्याला राजापुढे उभं केलं. राजाला वीस वर्षांच्या चाकरीची कदर होती. त्याने विचारलं की डोळा लागला होता का? नुसतं हो म्हटलं असतं तरी सुटला असता, झोप कुणाला येत नाही? पण येमाजीचं एक खोटं बोलून झालं होतं आणि त्याचं फळ त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. तो म्हणाला की जागा होतो, जाणूनबुजून चार टोले दिले नाहीत. आणि मग सगळं सांगितलं.

दरबार थक्क झाला. राजालाही वाईट वाटलं. पण ज्याने जाणूनबुजून वेळ दडवली त्याला वेळ मोजायला बसवता येत नाही, त्याला इलाज नव्हता. येमाजीची चाकरी त्याच दिवशी गेली.

घरी येऊन तो मोकळ्या अंगणात बसला. आणि बसल्या बसल्या त्याच्या लक्षात आलं की आता दिवसभर त्याला कुठेच जायचं नाही. तीसच्या तीस घटका त्याच्या होत्या. तो उठला, वहाणा चढवल्या आणि खिंडीच्या वाटेला लागला. आता भुंग्याला बांधायचं कारण नव्हतं. दिवसभर त्याच्याजवळ बसता येणार होतं.

अकराव्या दिवशी कळप सापडला. भुंग्या मेंढरांच्या कडेकडेने धावत होता. अंग भरायला लागलं होतं, गळ्यावर बारीक केस उगवू लागले होते. येमाजीने हाक मारली. भुंग्या थबकला, धावत आला, हात हुंगला, चाटला. येमाजी गुडघ्यावर बसला, दोन्ही हात पसरले. तेवढ्यात लांब एक कोकरू वाट सोडून ओढ्याकडे निघालं. भुंग्याने मान वळवली आणि वाऱ्यासारखा सुटला. कोकरू वळवलं, दुसरं वळवलं, मग कळपाच्या पुढे गेला, मग मागे आला.

येमाजी हात पसरून तसाच बसून राहिला. त्याला खरं वाटेना. त्याच्याकडे आता दिवसच्या दिवस रिकामा होता, आणि भुंग्याला सवड नव्हती.

संध्याकाळ होईपर्यंत तो कुत्र्याची वाट बघत होता.

तात्पर्य : जनावर पाळायचं तर आपल्या संध्याकाळीकडे पाहून पाळू नये, त्याच्या दिवसाकडे पाहून पाळावं.