पाट सोडण्याची सांज

एका राज्यात शरद सरता सरता एक सण यायचा. भातं कापून झाली, खळी रिकामी झाली, की अवसेच्या सांजेला घरोघर चुली विझवायच्या, दारं सताड उघडायची, आणि मेलेल्या माणसाच्या जागी जो बसत असेल त्याने तिथून उठायचं. बापाच्या ओट्यावर बसणाऱ्या लेकाने उठायचं, सासूच्या चुलीपुढे बसणाऱ्या सुनेने उठायचं. उठून म्हणायचं, "बसा." एवढंच. मंत्र नाही नि तंत्र नाही. मेलेली माणसं यायची, आपापल्या जागी टेकायची, वाढलेलं जेवायची आणि चूल पेटवून द्यायची. ती ऊब वर्षभर पुरायची.

पण राजा धवलकेतूचं डोकं फिरलं. त्याची राणी कुमुदिनी बाळंतपणात गेली, मागे तान्ही चिमा राहिली. राजाने इरावती नावाची दुसरी राणी आणली आणि कुमुदिनीच्याच पाटावर बसवली. मग सण आला. आता सिंहासनावरून नुकत्याच मेलेल्या बापासाठी उठणं आलं. "राजा कुणासाठी उठत नाही," तो म्हणाला, आणि दवंडी पिटून सगळ्या राज्यातला सणच बंद केला. लोकांनी भिऊन दारं लावून घेतली.

वेशीबाहेर भैरूनाथ मांत्रिक राहायचा. त्याची मेलेली आई त्या सांजेला गावातल्या धाकट्या लेकाकडे जेवायला आली आणि बंद दारावरून उपाशी परतली. भैरूनाथ भडकला. "जागा अडवणाऱ्यांच्या राज्यात विस्तव दिसेल, ऊब लागणार नाही!"

तसंच झालं. चुली पेटायच्या, भात शिजायचा नाही. लोक भिजवलेले मूग चावून तगले. वर्षं सरली. चिमा चालू-बोलू लागली, आणि तिची पावलं गार पडू लागली. मग गुडघे. मग कंबर. गारठा काळजाला भिडला की पोर जाणार, हे वैद्याने न सांगताच कळत होतं.

पोर इरावतीच्या पोटची नव्हती, पण तिच्याच हातावर वाढलेली. तिने चिमाला दासीच्या कुशीत दिलं आणि मांत्रिकाचं दार गाठलं.

"शाप मागे घ्या, बाबा."

"दिलेला शाप मागे येत नाही. उतरतो. तीन जागा सोडून दाखव. हा भारद्वाज साक्षीला येईल."

छपरावरचा लाल डोळ्यांचा पक्षी म्हणाला, "येतो. पण दमानं चाला बाई, मला फार उडवत नाही."

भैरूनाथाने तिला आपल्या चुलीपुढे बसवलं. अख्ख्या राज्यात तेवढी एकच चूल ऊन होती. इरावतीची हाडं सैलावली, डोळे मिटू लागले. इतक्यात ओलाचिंब नाग आत आला.

"ही जागा माझी."

कितीतरी वर्षांनी अंगाला ऊब लागली होती. तरी ती उठली. नाग वेटोळं घालून बसला.

दुसरी जागा डोंगरातल्या गुहेत होती. तिथे शापित खजिना, आणि खजिन्यात सोन्याचं आसन. पायथ्याशी राजेलोकांची हाडं पडलेली. इरावती बसली मात्र, चिमा धावत आली. गाल लाल, तळवे गरम. मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "आई, उठू नको ना."

"उठा बाई," भारद्वाज म्हणाला.

"थांब रे जरा."

"ही हाडंही असंच म्हणाली होती."

खरी चिमा घरी गारठली होती. इरावतीने त्या केसांवरून हात काढला आणि ती उठली. मागे खजिन्याची राख झाली.

वाटेत तिने विचारलं, "तिसरी जागा कुठली?"

"ठाऊक आहे तुम्हाला."

ठाऊक होतंच. "कुमुदिनीताई आली, आणि पोर तिच्याकडे वळली तर?"

"वळली तर वळली," भारद्वाज म्हणाला. पाखराला समजूत घालता येत नाही.

अवसेच्या सांजेला इरावतीने राजवाड्याची दारं उघडली, चूल विझवली.

"राणी! माझी मनाई आहे!"

"पोरीला ऊब आणून द्या महाराज, आत्ता दार लावते."

राजा सिंहासनावरच बसून राहिला. गारठा चिमाच्या छातीशी आला होता. इरावतीने तिला पाटाशेजारी निजवलं, स्वतः पाटावर बसली, आणि उठली. दाराकडे बघत म्हणाली, "बसा, ताई. पोर तुमची आहे."

कुमुदिनी आली. पदर खोचलेला, जशी कामातून उठून आलेली. पाटावर बसली, चिमाचे पाय मांडीवर घेतले, चोळू लागली. पायांना रंग आला. पोरीने डोळे उघडले, समोरच्या बाईला नीट न्याहाळलं, मग इकडेतिकडे पाहिलं.

"माझी आई कुठाय?"

इरावती भिंतीला टेकून उभी होती. तिला मान वर करवेना. कुमुदिनी हसली आणि पाटाच्या कडेला सरकली.

"उभी काय राहिलीस गं? ये. मावतो दोघी."

इरावती बसली. कुमुदिनीने हात पुढे करताच चूल पेटली, आणि वरच्या भाताला उकळी फुटली. राजाने एका पाटावरच्या दोघींकडे पाहिलं. दारात त्याचा म्हातारा बाप काठी टेकून उभा होता. धवलकेतू सिंहासनावरून उतरला.

"बसा, बाबा."

"किती रे ताटकळवलंस," म्हातारा कुरकुरला आणि बसला.

राजवाड्याचं दार उघडं दिसलं तशी घरोघरची दारं उघडली. भैरूनाथाची आईही पोटभर जेवली, आणि शाप उतरला. अजून त्या राज्यात अवसेला आधी राजा उठतो, मग प्रजा उठते. गेलेल्यांना त्यांची जागा मिळो, राहिलेल्यांना त्यांची ऊब.