मिटकूच्या ताईची टक टक

ऐका हं. जरा हळू आवाजात सांगते. गोष्टीतली माणसं फार लहान आहेत, मोठ्या आवाजाने ती शंखात पळून जातील.

एक होता मिटकू. मिटकू म्हणजे शंखातला खेकडा. केवढा? चिंचोक्याएवढा. पाठीवर शंख, शंखात मिटकू.
त्याची एक ताई होती. तिचा शंख मोठा, लिंबाएवढा.
दोघं समुद्रावर राहायची. रात्र झाली की ताई आपल्या शंखावर नांगी वाजवायची. टक टक!
म्हणजे काय? म्हणजे, "मिटकू, मी इथे आहे."
मग मिटकू वाजवायचा. टिक टिक!
म्हणजे, "ताई, मीपण इथे आहे."
मग दोघं झोपायची.

एक दिवस समुद्रावर चैतू आली. चैतू घाटावरची. तिने समुद्र कधी पाहिलाच नव्हता. तिने ताईला उचललं. मिटकूला उचललं. बादलीभर वाळू घेतली. बाटलीभर समुद्र घेतला. आणि गाडी घाट चढून घरी आली. घुर्र घुर्र घुर्र!

घरी काचेची पेटी आणली.
आता चैतूच्या आईची एक रीत होती. बाहेरून काही आलं, की धुवायचं. धुतलं, की उन्हात वाळवायचं. गहू धुवायची, वाळवायची. चिंच धुवायची, वाळवायची. तिने वाळूही धुतली. एकदा धुतली, दोनदा धुतली, जुन्या साडीवर पसरून कडकडीत वाळवली. मिटकूला आणि ताईलाही नळाखाली धरलं. मायेनेच केलं हो सगळं.
वाळू पेटीत घातली. करवंटीचं घर ठेवलं. गोड्या पाण्याची वाटी ठेवली. चढायला काठी ठेवली. मिटकूला ठेवलं, ताईला ठेवलं.

रात्र झाली. मिटकू वाट बघत बसला.
टक टक नाही.
मिटकूने वाजवलं. टिक टिक!
टक टक नाही.
दुसरी रात्र झाली. टिक टिक! टिक टिक!
टक टक नाहीच.

सकाळी मिटकू ताईच्या शंखाशी गेला. खुडुक खुडुक, खुडुक खुडुक.
"ताई ताई, टक टक कर ना!"
आतून बारीक आवाज आला.
"नाही रे मिटकू, नाही. अंग सुकलं माझं. नांगी उचलत नाही. वाळू ओली झाली तर करीन. नाहीतर नाही."
मिटकूला रडू आलं. पण रडत बसून कसं चालेल?

मिटकू निघाला. खुडुक खुडुक, खुडुक खुडुक.
वाळू पेटीतच होती.

"वाळू वाळू, ओली हो.
ताई करेल टक टक!"

वाळू म्हणाली, "नाही रे मिटकू, नाही. माझं सगळं मीठ धुऊन गेलं. वाटीतलं गोडं पाणी मला नको. माझ्या समुद्राचं पाणी आलं तर ओली होईन. नाहीतर नाही."

मिटकू निघाला. काठीवर चढला, झाकणाच्या फटीतून बाहेर आला. टुप्! खाली पडला. लागलं जरासं. खुडुक खुडुक, खुडुक खुडुक.
दारामागे बाटली होती. बाटलीत समुद्राचं पाणी होतं.

"पाण्या पाण्या, वाळूत ये.
वाळू होईल ओली,
ताई करेल टक टक!"

पाणी म्हणालं, "नाही रे मिटकू, नाही. मलाही इथे करमत नाही. पण मी कोंडलं गेलंय. बूच फिरलं तर येईन. नाहीतर नाही."

मिटकू बाटलीवर चढला. घसरला. पुन्हा चढला. पुन्हा घसरला. मग खालूनच ओरडला.

"बुचा बुचा, गरकन फिर.
पाणी येईल वाळूत,
वाळू होईल ओली,
ताई करेल टक टक!"

बूच म्हणालं, "नाही रे मिटकू, नाही. मी घट्ट बसलंय. आईच्या हाताने फिरवलं तर फिरेन. नाहीतर नाही."
बूच होतं तसं अडेलतट्टूच.

मिटकू निघाला. खुडुक खुडुक, खुडुक खुडुक. केवढं ते घर! केवढा तो उंबरा!
स्वयंपाकघरात आई खाली बसून कणीक मळत होती. हात परातीत होता.

"हाता हाता, बूच फिरव.
बूच फिरेल गरकन,
पाणी येईल वाळूत,
वाळू होईल ओली,
ताई करेल टक टक!"

हात म्हणाला, "नाही रे मिटकू, नाही. मी पिठात बुडालोय. चैतूने हाक मारली तर उठेन. नाहीतर नाही."

मिटकू निघाला. आता त्याचेही पाय सुकले होते. खुडुक... खुडुक... खुडुक...
चैतू कोपऱ्यात बसली होती. भिंतीकडे तोंड, पायात पाय. गाल फुगलेले.

"चैतू चैतू, हाक मार.
हात फिरवेल बूच,
बूच फिरेल गरकन,
पाणी येईल वाळूत,
वाळू होईल ओली,
ताई करेल टक टक!"

चैतू म्हणाली, "नाही रे मिटकू, नाही. मी रुसलेय. तुझी ताई माझ्याशी खेळतच नाही. ती बाहेर आली तर हाक मारीन. नाहीतर नाही."

अरे देवा!
ताई वाळूसाठी अडली. वाळू पाण्यासाठी अडली. पाणी बुचासाठी अडलं. बूच हातासाठी अडलं. हात चैतूसाठी अडला. आणि चैतू? चैतू ताईसाठी अडली!
आता जायचं कुणाकडे? कुणी उरलंच नाही.

मिटकू चैतूच्या पायाच्या अंगठ्याशी बसला. त्याला घर आठवलं. लाट आठवली. त्याने हळूच नांगी वाजवली.
टिक टिक.
थांबला. कान देऊन बसला.
टिक टिक.
पुन्हा थांबला.
चैतूने मान वळवली. बघत राहिली.
टिक टिक. आणि मिटकू थांबला.
"कुणाला हाक मारतोस रे?" चैतूने विचारलं. "तुझ्या ताईला? आणि ती ओ देत नाही?"
चैतूचे फुगलेले गाल खाली आले. ओठ थरथरला. डोळे भरले. आणि एक थेंब मिटकूवर पडला.
टप्!

मिटकूने थेंब चाखला.
खारा!
मिटकू शंखातून निम्मा बाहेर आला. दोन्ही नांग्या वर केल्या. आणखी दे, आणखी दे!
चैतूला नवल वाटलं. तिने गालावरचा दुसरा थेंब जिभेवर घेतला.
"खारट! समुद्रासारखं खारट!"
आणि चैतूने हाक मारली. केवढी मोठी!
"आई गंऽऽऽ! ह्यांना खारं पाणी हवंय!"

चैतूने हाक मारली, हात उठला.
हात उठला, बूच फिरलं. गरकन!
बूच फिरलं, पाणी आलं. खळ खळ खळ!
पाणी आलं, वाळू ओली झाली. सुर्रर्र!
"अगं बाई," आई म्हणाली, "ह्यांचं मीठ मीच की गं धुऊन टाकलं!" तिचा आवाजही ओला झाला.
चैतूने मिटकूला ताईशेजारी ठेवलं.

वाळू ओली झाली. आणि ताई?
ताई गप्प.
मिटकूने वाजवलं. टिक टिक.
ताई गप्प.
आई गप्प. चैतू गप्प. आपणही गप्प बसू या हं जरा.
टिक टिक.
...
टक.
कुणी केलं? कुणी केलं?
टक टक!
ताईने केलं! शंखातून एक नांगी आली. एक डोळा आला. मग दुसरा आला. ताईने ओली वाळू चाखली.
"मिटकू," ताई म्हणाली, "वाळू आपली आहे. पाणी आपलं आहे. लाट कुठाय?"
मिटकूने मान खाली घातली.
"लाट नाही आली, ताई. लाट तिकडेच राहिली."
मग दोघं रडली. रडावंच लागतं कधीकधी.
रडून झालं, तशी ताईने वाळूत बीळ केलं. खर खर, खर खर. ती आत गेली. मिटकू तिच्यामागून गेला. वाळू मिटली.

"आई, ती गेली!" चैतू म्हणाली. "उकरून बघू?"
"नाही हं बाळा," आई म्हणाली. "नवं घर आहे. दमलीत. आपणहून येतील, तेव्हा यायचं त्यांनी."
"आणि त्यांची लाट?"
आईने चैतूला जवळ घेतलं.
"पुन्हा कोकणात जाऊ," ती म्हणाली, "तेव्हा त्यांना लाटेजवळ सोडू."
"तोवर?"
तोवर काय करायचं, ते चैतूनेच ठरवलं. तिने पेटीच्या काचेशी तोंड नेलं, आणि हळूहळू लाट केली.
फस्स्स... सळ्ळ्ळ.
फस्स्स... सळ्ळ्ळ.
वाळूच्या खालून, खूप खालून, आवाज आला.
टक टक.
टिक टिक.

मिटकूची गोष्ट वाळूत झोपली. कुणी उकरायची नाही हं.