दिनारटाक्याची दहावी पखाल

करवंदी घाटाच्या माथ्यावर कातळात खोदलेलं एक टाकं आहे. त्याचं नाव दिनारटाकं. घाटमाथ्याच्या वाडीतले बुधाबाबा लांघी पाहुण्यांना आधी चपला काढायला लावतात, मगच त्याची कथा सांगतात.

फार पूर्वी समुद्रापलीकडच्या यवन व्यापाऱ्यांचा माल बंदरावरून याच वाटेने वर येई. टाक्याची राखण सामा नावाच्या कोळणीकडे होती, तिची चूल त्यावरच चाले. चांदीचा एक दिनार दिला की तांड्याच्या बैलांना दहा कातडी पखाली भरून पाणी, असा ठराव होता. एका वैशाखात टाकं तळाला गेलं आणि नेमका एका यवनाचा तांडा येऊन थांबला. नाक्यावरच्या अधिकाऱ्याने बजावलं, "सहाच दे, तोंडाने दहा मोज. परक्याला काय कळतंय? नाहीतर राखण सोड."

सामाने सहा पखाली ओतल्या. सातवी रिकामीच उचलताना तिचा हात अडखळला. वेळ काढायला तिने नाणं दाखवून यवनाला विचारलं, "याला दिनार का म्हणता?"

"आमच्या दहाच्या शब्दावरून. तांब्याची दहा नाणी म्हणजे हे एक."

"मोडलं तर दहा मिळतात?"

यवन हसला. "पूर्वी मिळत. आता सोळा. दहा फक्त नावात राहिले."

"आणि कुणी काही बोलत नाही?"

"नाव कोण मोजतं, बाई?"

सामाने हातातल्या रिकाम्या पखालीकडे पाहिलं, असं सांगतात. तीही तेच करायला निघाली होती. "मी मोजते," म्हणून ती तळाला उतरली. सातवी, आठवी गाळ निथळून भरली. नववीत घरचं मडकं रितं केलं. दहावीसाठी थेंब उरला नाही. तिने पहारीने तळ खरवडला, तेव्हा कपचा उडाला आणि झरा लागला. एक पखाल भरली नि झरा थांबला.

अधिकाऱ्याने राखण काढून घेतली. झरा त्याच्या हाताला लागेना म्हणे. आठव्या दिवशी तोच अधिकारी 'राखण परत घे' म्हणत तिच्या दारात उभा राहिला.

झरा आजही दिवसाला पखालभरच देतो, म्हणून उन्हाळ्यात वाडीला टँकर येतो. त्याच्या पाठीवर 'दहा हजार लिटर' रंगवलेलं असतं. बायका आधी झाकण उघडून आत काठी बुडवतात.

"मावशी, लिहिलंय की वर!" ड्रायव्हर कुरकुरतो.

"लिहिलेलं वाचलं रे बाबा," काठीवरची ओल त्याच्या नाकासमोर धरत त्या म्हणतात, "आता भरलेलं दाखव."