राजाच्या रांजणाला टिचकी

एकदा काय झालं, एका राजाला लाज वाटली. हसू नका रे! राजाला लाज वाटणं ही काही रोजची गोष्ट नाही, म्हणून तर ती सांगायची झाली. पाय आत घे किशा, आणि गुपचूप ऐक.

अजिंक्यनगर नावाचं एक भलंमोठं राज्य होतं. तिथल्या राजाचं नाव भीमरथ. त्याचे हत्ती मोजायला बसलं की सकाळची संध्याकाळ व्हायची. आजूबाजूला आणखी सहा राज्यं. सगळ्यांत लहान चिमूटपूर. इतकं लहान, की तिथली राणी केतकी सकाळी फिरायला निघाली तर सबंध राज्य बघून न्याहारीला घरी परत.

त्या काळी आगीची अंडी असायची, बरं का. सूर्याला शिंक आली की एखादं खाली पडायचं. दिसायला लिंबाएवढं. पण फुटलं तर सातही राज्यांत चूल पेटवायला माणूस उरायचा नाही. म्हणून ते रांजणात, ओल्या वाळूत पुरून ठेवायचे. कुणाकडे अंडं होतं, कुणाकडे नव्हतं. आणि कुणाकडे आहे नि कुणाकडे नाही, या धाकाने कुणालाच झोप नव्हती.

मग सातही राज्यांचे राजे-राण्या एका चिंचेखाली बसले. त्यांनी नियम केला. दर वर्षी सुगी झाली की कोंडाई कुंभारणीने सातही राज्यांत फिरायचं. सगळी दारं तिला उघडायची. जिथे रांजण असेल तिथे तिने टिचकी मारून बघायची. आपण बाजारात माठ घेताना मारतो ना, तशी. पक्का असेल तर ठण्ण वाजतो. तडा गेला असेल तर बद्द.

या नियमाला पहिला हात वर कुणी केला? आपल्या भीमरथानेच! केवढं भाषण ठोकलं त्याने. सगळ्यांनी माना डोलावल्या.

मग सुगी झाली आणि कोंडाई अजिंक्यनगरला आली. खांद्यावर घोंगडी, पायात मातीने भरलेल्या वहाणा. राजाने तिला पाटावर बसवलं, पुरणपोळी वाढली, वर तुपाची धार धरली. बिचारी पोटभर जेवली. हात धुऊन बघते तर दारात पालखी तयार. "पुढच्या वर्षी बघू हं," म्हणून तिला वेशीबाहेर नेऊन सोडलं.

दुसऱ्या वर्षी ती पुन्हा आली. दारावरचा शिपाई म्हणाला, "महाराज शिकारीला गेलेत." आणि महाराज कुठे होते? पडद्यामागे! श्वास रोखून उभे. एवढा मोठा राजा, आणि म्हातारीला घाबरून पडद्यामागे. शी!

तिसऱ्या वर्षी ती थेट दरबारातच शिरली. आता लपायला जागा नव्हती. मग राजा मिशीला पीळ देत म्हणाला, "कोंडाई, तपासणी चोराघरची करतात. आम्ही तर नियम करणारे. आमचा रांजण कुठे आहे हे शत्रूला कळलं म्हणजे? आणि आमच्यावर विश्वास नाही की काय तुझा?"

कोंडाई म्हणाली, "महाराज, विश्वास तुमच्यावर आहे. मडक्यावर नाही. जागा कुणाला सांगणार नाही, मला फक्त टिचकी मारू द्या."

सगळा दरबार खो खो हसला. राजाही हसला. कोंडाई घोंगडी सावरून निघून गेली.

आणि याच राजाने चिमूटपुरात काय केलं माहीत आहे? कोंडाईने तिथलं घर न् घर बघितलं होतं. अंडं नाही, असं तिने सांगितलं होतं. तरी याने मागाहून आपले भालेवाले पाठवले. त्यांनी कणग्या फोडल्या, मडकी उपडी केली. पेरणीचं बियाणं मातीत सांडलं, त्यावरून घोडे गेले. अंडं काही सापडलं नाही. "बरं झालं, खात्री झाली," असं म्हणून राजा जेवायला बसला.

मग इकडे काय होऊ लागलं, बघा हं. आधी राजवाड्याच्या विहिरीचं पाणी कोमट झालं. प्रधान म्हणाला, "महाराजांचं तेज!" मग अंगणातल्या कडुनिंबाची पानं भर चैत्रात गळून गेली. प्रधान म्हणाला, "महाराजांचं तेज त्याला सोसवेना!" मेला तोंडपुजा.

राजा मात्र एकटाच तळघरात गेला. रांजण होता तिथेच होता. राजाने हौसेने त्याला जाड सोन्याचा पत्रा मढवून घेतला होता. आपला रांजण इतरांसारखा मातीचा दिसायला नको ना! त्याने टिचकी मारली. खण्ण! "वाजला की खणखणीत," असं म्हणून तो वर आला. अरे वेड्या, ते सोनं वाजलं! आतल्या मातीचा आवाज तुला कसा येणार?

राजाची एक नात होती. बकुळा. सहा वर्षांची, दिवसभर अनवाणी हुंदडणारी. एक दिवस ती लंगडत लंगडत आजोबांकडे आली आणि तळपाय वर करून दाखवले. फोडच फोड.

"आजोबा, माझं काय चुकलं? जमीन मला चावते."

राजाने ते पाय मांडीवर घेतले. त्याला एकदम सगळं कळलं. रांजणाला तडा गेलाय. आपणच तो सोन्याखाली झाकलाय. तो ऐकून सांगणारी बाई तीनदा दारात आली होती आणि आपण तिला तीनदा घालवली. त्याची मान खाली गेली. त्या पोरीच्या डोळ्यांत त्याला बघवेना.

मग त्याने कोंडाईकडे स्वार पाठवला. स्वार निरोप घेऊन परत आला, "ज्याने नको म्हटलं, त्याने यावं." राजाने मुकुट काढून ठेवला, घोडा काढला आणि निघाला. कोंडाई तेव्हा चिमूटपुरात होती.

वेशीवर त्याचा घोडा दिसला मात्र, गावात पळापळ झाली. राजाला वाटलं, लोक धोंडे मारतील. त्याला ते बरं वाटलं असतं. पण तसं काही झालं नाही. लोकांनी मुकाट्याने घरातली मडकी बाहेर आणली. हंडे, डेरे, लोणच्याच्या बरण्या, सगळं अंगणात मांडलं. झाकणं काढली. आणि हात वर करून ओळीने उभे राहिले. कुणी काही सांगितलं नव्हतं त्यांना. मागच्या झडतीची धास्तीच तशी बसली होती.

ओळीच्या टोकाला बकुळाएवढीच एक पोर होती, ठमी. तिने भातुकलीतलं बोळकं दोन्ही हातांनी वर धरलं होतं. ती म्हणाली, "यात पण काही नाही हो. बघा. फोडू नका."

राजा घोड्यावरून उतरला. त्याच्या कानशिलांना आग लागली होती. धरणीने पोटात घ्यावं असं त्याला झालं. एवढंसं बोळकं तपासलं मी, आणि माझ्या रांजणाला कुणाला हात लावू दिला नाही! तो तिथेच धुळीत खाली बसला.

"झाका गं, झाका ती मडकी," तो म्हणाला. "माझी चूक झाली. माझ्या घरी या. सगळी दारं उघडतो."

राणी केतकी पुढे आली. म्हणाली, "त्या वर्षी आम्ही पेरलं नाही महाराज. अंबाडीची भाजी खाऊन दिवस काढले." तिने आवाज चढवला नाही. शिव्या दिल्या असत्या तर राजाला सोपं गेलं असतं.

कोंडाई म्हणाली, "तुमचा रांजण सात राज्यांच्या मातीचा आहे महाराज. तडा बुजवायला सातही राज्यांची माती लागेल. हिसकावून आणाल तर ती वाळली की गळून पडेल. मनाने दिलेली हवी."

मग राजा दारोदार फिरला. अनवाणी. प्रत्येक राज्यात, आपण काय केलं ते स्वतःच्या तोंडाने सांगायचं आणि मग मूठभर माती मागायची. कुणी हसलं, कुणी दिवसभर उन्हात उभं केलं. पण दिली. त्याची आणि पाच राज्यांची मिळून सहा मुठी माती झाली. चिमूटपुरात मात्र त्याने मागितलीच नाही. कुठल्या तोंडाने मागणार?

अजिंक्यनगरची सगळी दारं उघडली. सातही राज्यांचे लोक तळघरात उतरले. राजाने आपल्या हाताने सोन्याचा पत्रा सोलून काढला. आत करंगळी जाईल एवढी भेग, आणि तिच्यातून लाल उजेड येत होता. लोक चार पावलं मागे सरले. कोंडाईने सहा मुठी माती लिंपली. तरी मधोमध बोटभर भेग उरलीच. रांजण गुरगुरायला लागला. राजाने बकुळाला पोटाशी धरलं आणि डोळे मिटले.

तेवढ्यात गर्दीतून ठमी पुढे आली. तिच्या हातात तेच बोळकं होतं. काठोकाठ चिमूटपूरच्या चिखलाने भरलेलं.

ती म्हणाली, "आता यात आहे. घ्या."

कोंडाईने तो चिखल भेगेत दाबला. भेग बुजली. गुरगुर थांबली. मग कोंडाईने टिचकी मारली.

ठण्ण!

लोकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. पुढे विहिरीचं पाणी गार झालं, कडुनिंबाला पालवी फुटली, बकुळाचे पाय बरे झाले. राजाने चिमूटपूरच्या शेतात स्वतः बियाणं वाहून नेलं. सातही राज्यं सुखाने नांदू लागली.

राजाची लाज गेली का? नाही रे बाबा. ती कुठली जाते! दर सुगीला तो उघड्या डोक्याने आपल्याच दारात उभा राहायचा. कोंडाई यायची आणि तिचं बोट धरून ठमी. पहिली टिचकी ठमीने मारायची, असं राजानेच ठरवून दिलं होतं. तिचं एवढंसं बोट रांजणाशी जायचं, तेव्हा दर वेळी त्याची मान खाली जायची. ठण्ण ऐकू आलं की मगच तो वर बघायचा.

झाली गोष्ट. मने, डोळे मीट आता. किशा, ते दार लावू नकोस. असू दे उघडं. झोपा.