आचपरी आणि बकुळेचा तवा

समुद्राच्या अलीकडे आणि डोंगराच्या पलीकडे एक चिमुकलं कौलारू घर होतं. घर कसलं, घरकुलच ते! पुढे तुळस, मागे केळी, आणि कुंपणावर निळ्याजांभळ्या गोकर्णीचा वेल. त्या घरात बकुळा नावाची आठ वर्षांची मुलगी आणि तिची आई अशा दोघीच राहायच्या.

आई घावनं करायची. तांदळाच्या पिठाची, पांढरीशुभ्र, जाळीदार, लुसलुशीत घावनं! रस्त्यानं जाणारेयेणारे ओटीवर टेकायचे, घावन खायचे, आणि जाताना कुणी पसाभर तांदूळ, कुणी नारळ ठेवून जायचे. त्यातच दोघींचं भागायचं. ही घावनं व्हायची एका जाडजूड, काळ्याकुळकुळीत बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, तव्यावर. त्या घरात एक रीतही होती. पहिलं घावन तव्याचं. ते कुणी खायचं नाही, अंगणातल्या मुंग्यांना आणि चिमण्यांना घालायचं. दुसऱ्यापासून माणसांची पाळी.

पण एकदा आई तापानं आजारी पडली. दहा दिवस झाले, बारा दिवस झाले, ओटीवर कुणी टेकेना आणि चूल पेटेना. तेराव्या दिवशी ताप उतरला, तरी आई उठली नाही. म्हातारे वैद्यकाका नाडी पाहून बाहेर आले आणि बकुळेपाशी उकिडवे बसले.

"पोरी, ताप गेला, पण अंगात त्राण उरलं नाही. आज दिवस मावळायच्या आत आईच्या पोटात चार घास गेले, तर ती उठेल. नाही गेले, तर माझ्यापाशी दुसरं औषध नाही गं."

बकुळा ताडकन उठली. ती आईजवळ धावली. "आई, काय करू तुला? काय खाशील?"

"काही नको गं बाळ," आई भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "तोंडाला चवच नाही."

घरात उरलं होतं काय? डब्याच्या तळाशी दोन वाट्या पीठ, ओंजळभर तांदूळ, चार आमसुलं आणि चिमूट चिमूट मीठ, गूळ, जिरं. बस्स, एवढंच! तरी बकुळेनं पदर खोचला. (पदर नव्हताच, परकराचा ओचा होता, पण ऐट तीच.) आईसाठी करायचं तर सगळं कसं लख्ख हवं, असं तिला वाटलं. म्हणून तिनं काय केलं माहीत आहे? तो काळाकुळकुळीत तवा घेतला, राख घेतली, चिंच घेतली, नारळाचा काथ्या घेतला, आणि घासघासघासला. हात दुखेपर्यंत घासला. तव्याचं सगळं काळं निघून गेलं आणि तो करड्या ढगासारखा दिसायला लागला. शहाणी पोर खूश झाली!

मग तिनं एक वाटी पीठ कालवलं आणि तव्यावर घातलं. अगंबाई! घावन तव्याला असं बिलगलं की सुटेचना. उलथन्यानं काढायला गेली तर त्याच्या चिंध्या झाल्या. दुसरं चिकटलं, तिसरं करपलं. वाटी संपली आणि आईच्या ताटलीत एक घाससुद्धा पडला नाही. करायला गेली एक आणि झालं भलतंच.

तवा उराशी धरून बकुळा घरामागच्या राईत गेली. तिथे पिवळ्या उन्हाची नाणी गवतावर सांडली होती आणि झऱ्याचं पाणी झुळझुळ गात होतं. पण बकुळेला काही दिसत नव्हतं. ती रडत होती. तिच्या डोळ्यातला एक टपोरा थेंब उन्हानं तापलेल्या तव्यावर पडला.

चर्रर्र!

थेंबाची वाफ झाली, वाफेचा भोवरा झाला, आणि भोवऱ्यातून एक इवलीशी परी बाहेर आली. बोटाएवढी उंच! तिच्या झग्याची झालर निळी, कंबर केशरी, खांदे पिवळे, आणि केसांच्या टोकांना सोनेरी ठिणग्या. चुलीतल्या ज्योतीला हातपाय फुटले तर ती अशीच दिसेल.

"रडू नको, गोजिरे," परी म्हणाली. तिचा आवाज मंद आचेवरच्या दुधासारखा ऊबदार होता. "मी आचपरी. जिथे चूल आहे तिथे मी आहे. चल, तुला माझी बाग दाखवते."

तिनं झऱ्याच्या पाण्यावर फुंकर घातली. पाणी पडद्यासारखं बाजूला झालं, आणि काय सांगू तुम्हाला! आत भांड्यांची बाग होती. फांद्याफांद्यांवर पिवळीजर्द पितळी पातेली झुलत होती. लाल तांब्याची घंगाळी डाळिंबांसारखी लटकत होती. वेलींना फोडणीच्या चिमुकल्या कढल्या लागल्या होत्या, झुडपांखाली मातीच्या तवल्या आणि इवलीइवली बोळकी गोल करून बसली होती. वारा आला की सगळी बाग किणकिण, किणकिण वाजायची.

"तुला तीन वर देते," आचपरी म्हणाली. "पण त्यांना अटी आहेत. माझ्याकडे भांडं मागायचं, पदार्थ मागायचा नाही. एकदा घेतलेलं भांडं परत करायचं नाही. आणि तिसरी अट सगळ्यांत मोठी. मागण्याआधी भांड्याला कान लावायचा. प्रत्येक भांड्याचा एक स्वभाव असतो. ते बोलतं. दिवस मावळला की मी जाणार, बरं का."

पण बकुळेचं लक्ष होतं कुठे? सूर्य डोक्यावरून कलला होता आणि तिला आईचा सुकलेला चेहरा दिसत होता. सगळ्यांत उंच फांदीवर एक पातेलं सोन्यासारखं लखलखत होतं. "ते! ते दे!" ती म्हणाली. पातेलं टुपकन तिच्या हातात पडलं आणि हळूच पुटपुटलं, "आंबट नको गं, आंबट नको, माझ्या पोटाला कल्हई नाही." पण कान कोण लावतंय? बकुळा तवाही बगलेत मारून घराकडे पळाली. तिनं आमसुलांचं सार केलं. मीठ, गूळ, जिरं, सगळं घातलं. थोड्या वेळानं पाहते तर सार हिरवट झालेलं, चाखून बघते तर जीभ वाकडी! बिनकल्हईच्या पितळेत सार कळकलं होतं. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, ते असं. तिनं सार ओतून दिलं आणि धावत बागेत आली.

"दुसरा वर," ती धापा टाकत म्हणाली. "मातीची तवली दे. मातीत अन्न गोड लागतं, आई म्हणते."

म्हणते ते खरंच होतं. तवली लालबुंद, गोंडस, गालावर खळी पडल्यासारखी होती. "आधी पाणी पाज, मग आग दाखव. आधी पाणी पाज," ती सारखी सांगत होती. पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! बकुळेनं कोरडी तवली थेट धगधगत्या चुलीवर चढवली, त्यात तांदूळ घातले, पाणी घातलं, वरून आणखी दोन लाकडं सारली. फट्! तवली उभी चिरली. पाणी विस्तवात आणि तांदूळ राखेत गेले.

आता एकच वाटी पीठ उरलं होतं आणि एकच वर. ऊन अंगणातून कुंपणावर चढलं होतं. बकुळेला पळायचीही भीती वाटायला लागली. ती हळूहळू चालत राईकडे निघाली.

वाटेत ठकूआत्याचं खोपटं लागलं. ठकूआत्या म्हणजे तोंडानं फटकळ. सगळी पोरं तिला वचकून असायची. पण आज तिच्या दारातून रडण्याचा आवाज येत होता. बकुळेनं डोकावून पाहिलं. विझलेल्या चुलीसमोर आत्या बसली होती आणि तिची दोन एवढीएवढीशी नातवंडं भुकेनं रडत होती.

"काय गो बकुळे, बघतेस काय?" आत्या खेकसली. मग तिनं तळ फुटलेलं पातेलं पुढे केलं. "होतं ते एकुलतं एक पातेलं तळाला फुटलं गो. सगळी पेज चुलीत गेली, चूलसुद्धा विझली. आता ह्या लेकरांना कशात शिजवून घालू?"

बकुळा दारातच थांबली. तिच्याकडे एकच वर होता. आई भिंतीकडे तोंड करून निजली होती. त्या वरात आईचे चार घास होते. तिला वाटलं, पळून जावं, काही ऐकलंच नाही असं करावं. पण धाकटं नातवंड तिच्या परकराला धरून उभं राहिलं, आणि तिला त्याचा हात सोडवता येईना.

"आत्या," ती डोळे पुसत म्हणाली, "पेजच करायची ना? आणि चुलीवरून पातेलं उतरवतं कोण?"

"मीच की. हात बघ कसे थरथरतात."

बकुळा बागेत गेली. या वेळी ती धावली नाही. एकेका भांड्याला तिनं कान लावला. मोठं पातेलं म्हणालं, मी जड आहे. तांब्याचं म्हणालं, मला पाणी भरायला आवडतं. एक पत्र्याचं म्हणालं, माझं बूड पातळ, पेज लागेल हो खाली. शेवटी पानांआड एक बुटकं पातेलं सापडलं. ते मुळीच चमकत नव्हतं. "माझं बूड जाड," ते लाजत म्हणालं, "पोटाला ताजी कल्हई आहे, आणि धरायला दोन कड्या आहेत. थरथरत्या हातांनाही मी पेलतं."

"आचपरी, हे ठकूआत्यासाठी दे," बकुळा म्हणाली.

"आणि आईसाठी?"

बकुळेनं नाही म्हणून मान हलवली आणि पातेल्याच्या दोन्ही कड्या धरल्या. आचपरीच्या केसांतल्या ठिणग्या जरा जास्त लुकलुकल्या.

ठकूआत्याच्या खोपटात पेज रटरटली, लेकरं पोटभर जेवली. ठकूआत्यानं बकुळेला जवळ घेतलं आणि तिचं सगळं रडगाणं ऐकून घेतलं. मग कपाळावर हात मारला.

"तवा घासलास? मेली वेडी गो! ते काळं म्हणजे घाण नव्हे. वर्षानुवर्षं तेल पिऊन धरलेली ती साय. जा, हे करवंटीतलं तेल घे, हा अर्धा कांदा घे. तव्याला तेल पाज, कांदा फिरव, मंद आचेवर तापव, निवू दे. पुन्हा तेल, पुन्हा आच. घाई केलीस तर बघ!"

बकुळा घरी आली. चुलीत दोनच काटक्या घातल्या आणि फुंकर मारली. निळीकेशरी, इवलीशी ज्योत उभी राहिली आणि तिनं बकुळेकडे पाहून डोळा मिचकावला! आचपरी स्वतः चुलीत येऊन बसली होती. बकुळेनं तव्याला कान लावला. तवा हळूहळू म्हणत होता, "सावकाश... सावकाश..."

तिनं तेल पाजलं, कांदा फिरवला, तवा निववला. पुन्हा पाजलं, पुन्हा निववला. सात वेळा. ऊन कौलांवर गेलं, केळीच्या शेंड्यावर गेलं, तरी तिनं लाकूड पुढे सारलं नाही. करड्या तव्यावर हळूहळू तपकिरी झाक आली, मग काळसर, मग रेशमासारखी चमक.

शेवटची वाटी कालवली. पीठ जेमतेम दोन घावनांचं होतं. रीत मोडावी का? एक जास्त मिळालं असतं आईला. पण बकुळेनं पहिलं घावन तव्याला दिलं. ते थोडं चिकटलं, थोडं फाटलं. तिनं ते मुंग्याचिमण्यांना घातलं. मग उरलेलं सगळं पीठ तव्यावर ओतलं. टप टप टप जाळी पडली, कडा आपोआप सुटल्या, आणि उलथनं लावताच घावन रुमालासारखं अलगद उचललं गेलं. नुसता वास दरवळला घरभर!

आईनं भिंतीकडचं तोंड वळवलं. "बकुळे, घावनाचा वास गं?"

बकुळेनं एक घास भरवला. आईनं तो चावला, गिळला. दुसरा. तिसरा. चौथा. ताटली रिकामी झाली. आईच्या गालांवर किंचित रंग आला आणि किती दिवसांनी ती हसली.

"अजून एक घाल ना गं," आई म्हणाली.

बकुळेला हसू आलं आणि रडूही आलं. पीठ तर संपलं होतं! आईला काय सांगावं म्हणून ती पीठ कालवलेल्या पातेल्याकडे वळली, आणि पाहते तर पातेलं काठोकाठ भरलेलं. दुधासारखं पांढरंशुभ्र पीठ, वर इवलेइवले बुडबुडे.

"आचपरी!" ती कुजबुजली. "पण पदार्थ मागायचा नाही अशी अट होती ना?"

"मागायचा नाही अशी होती," चुलीतून गोड आवाज आला. "द्यायचा नाही अशी नव्हती."

तेवढ्यात खिडकीतून मावळत्या सूर्याचा शेवटचा किरण आत आला. ज्योत चुलीतून उठली, तव्याभोवती एकदा गिरकी घेतली, निळी, केशरी, पिवळी, सोनेरी झाली, आणि त्या किरणाला धरून उजेडात उजेड मिसळावा तशी निघून गेली.

बकुळेनं नारळाच्या शेंडीनं तव्यावर तेल फिरवलं आणि आईसाठी दुसरं घावन घातलं.

अशी ही गोष्ट. मंद आचेवर शिजली, तव्यावरून सुटली, ताटलीत आली; ज्यांनी कान लावला, त्यांच्या वाट्याला गरम गरम गेली.