हिरव्या पेनाची निब

लोक खिशाला शाईचं पेन लावून हिंडायचे, त्या काळची गोष्ट. दाऊदचाचांच्या दुरुस्तीच्या दुकानात एकदा निब मोडलेलं काळं पेन आलं. तसली निब कुठंच मिळेना. तेव्हा मोडक्या पेनांच्या डब्यातून एक हिरवं पेन म्हणालं, "माझी घे. चिरलोय मी, माझ्यात आता शाई टिकत नाही."

चाचांनी ती निब बसवली आणि काळं पेन झकास लिहू लागलं. पुढं बऱ्याच वर्षांनी त्याच्या मालकांनी, मिरजकर वकिलांनी, ते जुन्या पेनांच्या प्रदर्शनात मांडलं. मखमलीवर बसून ते शेजारच्या पेनांना सांगू लागलं, "माझी निब मूळची, कारखान्यातलीच आहे."

दुकानात आताशा कुणी फिरकत नव्हतं, म्हणून गिऱ्हाईक शोधायला दाऊदचाचाही डबा घेऊन तिथं आले होते. डब्यातून हिरव्या पेनानं विचारलं, "बरी चालते ना रे निब?"

"मी तुला ओळखत नाही," काळं पेन म्हणालं.

"मग माझीच चूक झाली असेल," हिरवं पेन म्हणालं.

तेवढ्यात एका बाईंनी वडिलांचं बंद पडलेलं पेन दाखवत वकिलांना विचारलं, "तुमचं कुणाकडून दुरुस्त करून घेतलंत?"

"छे, याला दुरुस्ती कधी लागलीच नाही."

बाईंनी पेन पर्समध्ये टाकलं आणि त्या गेल्या. वकील वळले, तर मागं दाऊदचाचा डब्याचं झाकण लावत होते.

घरी जाताना काळं पेन वकिलांच्या खिशात गळू लागलं. सकाळी वकील दुकानात गेले. चाचांनी पेन उघडून पुसलं, उजेडात धरून नीट पाहिलं.

"वकीलसाहेब, यात बिघाड काहीच नाही."

वकील मान खाली घालून उभे राहिले. काळ्या पेनाला डब्याकडं बघवेना.