भीवराबाईची तिरडी

गोदाकाठच्या एका गावात पटकीची साथ आली. एकट्या राहणाऱ्या भीवराबाईला ती लागली, तशी शेजाऱ्यांनी दारं लावून घेतली. ख्रिस्ती शांतवन मात्र तिला पाणी पाजत, तिचं अंथरूण धूत शेवटपर्यंत उशाशी बसला. ती गेली तेव्हा आई गेल्यासारखा रडला.

मग त्यानं आणि त्याच्या दोन भावांनी तिरडी बांधली. पाटील गावकऱ्यांसह लांबूनच गरजले, "शांतवन, तू आमच्या देवाला हात जोडत नाहीस, जत्रेत नारळ फोडत नाहीस. आमच्या माणसाला खांदा देणारा तू कोण?"

शांतवननं डोळे पुसले. "खरंय, पाटील. माझा देव वेगळा, ते मी कधी लपवलं नाही. भीवराबाई तुमची. घ्या उचलून, आम्ही बाजूला होतो."

तिघं भाऊ खरंच मागं सरले. तिरडी उन्हात तशीच राहिली. पुढं कुणीच येईना.

बऱ्याच वेळानं पाटील मान खाली घालून तिरडीपाशी गेले. "ये बाबा," ते म्हणाले, "चौथा खांदा माझा."

घाटावर अग्नी पाटलांनी दिला. शांतवन जरा बाजूला उभा राहून आपल्या देवाची प्रार्थना करत रडत होता. त्याला कुणी जा म्हटलं नाही.